दोन प्यादी एकदम

बुद्धिबळात माझा हात धरणारा आख्ख्या मांडवगणात कुणी नाही. (पट मांडून बसणारे आम्ही तिघंच आहोत, ही गोष्ट वेगळी.)

त्यामुळं शिरूरला शाळांच्या स्पर्धा लागल्या, तेव्हा अकरा वर्षांच्या माझ्या स्वराला मीच तयार केलं. तिचे सर म्हणाले होते, "एकदा नियमांचं पुस्तक बघून घ्या."

"पुस्तक कशाला, सर? आमचे आबा मेंढरं राखता राखता खेळायचे. त्यांनी शिकिवलंय मला."

पोरीला जिल्ह्याला खेळायला जायचं होतं. महिनाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आणि स्पर्धा अशी, की एक डाव हरला की थेट घरी.

पहिल्याच चालीला स्वरानं दोन्ही हातांनी दोन प्यादी एकदम पुढं सरकवली. समोरच्या चष्मेवाल्या मुलानं हात वर केला. पंच आले.

"हे काय, बाळ?"

"सुरुवात हाय, सर. आमच्यात पहिल्यांदा दोन प्यादी चालत्यात."

"इथं एकच चालतं. ही ताकीद समज. परत चुकीची चाल केलीस तर डाव गेला."

दारात उभा होतो तो मी आणखी पुढं सरकलो. पण पोरगी सावरली. अर्ध्या तासात तिनं त्या मुलाचा वजीर खाल्ला. मी मिशीवरून हात फिरवला.

मग त्याचा हत्ती तिच्या राजाकडं सरकायला लागला. मध्ये एक प्यादं घातलं असतं तरी भागलं असतं, पण माझी शिकवण आडवी आली. शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, हे आबांनी मला आणि मी तिला सांगितलेलं. तिनं ऐटीत राजा उचलला आणि अडीच घरं लांब नेऊन ठेवला.

पंचांनी घड्याळ थांबवलं. डाव गेला, जिल्हा गेला. स्वराचे डोळे भरले, पण ती रडली नाही.

"कुणी शिकवलं तुला हे?" पंचांनी विचारलं.

तिनं दाराकडं, माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली.

"कुणी न्हाई, सर. मीच, माझ्या मनानं."

मला भडभडून आलं. एवढीशी पोर बापाची लाज राखायला सगळ्यांपुढं खोटं बोलली. म्हटलं, आता पुढं व्हायचं आणि चूक आपली आहे म्हणून सांगायचं. पाऊल उचललंसुद्धा. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ हसत म्हणाले, "राजाचा पार घोडा केला की ओ हिनं. कुणाची पोरगी ही?"

"काय म्हाईत," मी म्हणालो. "इनामगावकडची दिसतीय."