अक्रोडाची मूठ

रिव्हॉल्व्हर जमवणारे लोक जगात पुष्कळ असतील, पण जवळ एकही रिव्हॉल्व्हर नसताना रिव्हॉल्व्हरचा संग्रह करणारा माणूस सबंध आखातात एकच होता, आणि तो मस्कतमध्ये नेमका आमच्या शेजारच्या फ्लॅटात राहत होता. वसईचे अंकल. कुरुमच्या एका हॉटेलात लग्नं-पार्ट्यांची व्यवस्था बघण्यात त्यांचा जन्म गेला. परदेशी माणसाला इथं हत्यार बाळगता येत नाही, म्हणून अंकल नुसत्या मुठी जमवायचे. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी पूर्वी लांब नळीची, नेम बारीक करायचा स्क्रू असलेली रिव्हॉल्व्हरं बनत, त्यांच्या मुठींची जुनी लाकडं. लोक ज्या काचेच्या कपाटात क्रॉकरी मांडतात त्यात ह्यांच्या मुठी, आणि लोखंडाचा पत्ता नाही! "मांडवात नवरदेवाचा फेटा तेवढा आलाय," असं आमचे हे म्हणायचे.

लाकूड हातात आलं की अंकल त्याची कुंडलीच मांडत. कारखाना कुठला, काळ कुठला, धरणारा डावरा होता की उजवा, सगळं. आपण विचारलेलं नसलं तरी. एकदा एका वाढदिवसाला यजमानांनी मोबाइलवर पणजोबांच्या रिव्हॉल्व्हरचा फोटो मोठ्या कौतुकानं फिरवला. अंकलनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकाशी नेला आणि केक कापायच्या आत सांगून टाकलं, "नळी एकाची, चक्र दुसऱ्याचं. जुळवलेलं आहे हे." 'जुळवलेलं' ही त्यांच्या तोंडची सर्वांत वाईट शिवी. त्या घरी त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि त्यांना घेऊन गेलो म्हणून आम्हालाही नाही. माझं तर एकदा त्यांच्याशी चांगलंच वाजलं. ते आजारी असताना मी जेवण द्यायला गेले, कपाटातली एक मूठ काळीकुट्ट दिसली, म्हणून चांगलं खोबरेल लावून पुसून ठेवली. अंकल अंथरुणातून उठून ओरडले, "मळ नव्हता तो, बाय! धरणाऱ्याचा हात होता तो!" मीही तणतणत डबा उचलून घरी आले. करायला जावं भलं, तर ही तऱ्हा.

आँटी मी फारशा पाहिल्या नाहीत. आमची ओळख झाली आणि थोड्याच दिवसांत त्या उपचारांसाठी वसईला गेल्या. अंकल मागोमाग जाणार होते, रजा आज मिळेल, उद्या मिळेल असं चाललं होतं, आणि त्यातच त्या गेल्या. त्यानंतर वसईहून मुलगी दर रविवारी फोन करायची, "पप्पा, आता या ना इकडे." आणि पप्पांचं उत्तर ठरलेलं, "एक काम राहिलंय."

काम म्हणजे काय, तर मत्रहच्या बाजारात एका लोबानवाल्याच्या टोपलीत त्यांना मिळालेली अक्रोडाच्या लाकडाची मूठ. आतल्या बाजूला शिसपेनीनं नंबर लिहिलेला होता. कारखान्यात लाकडावर आणि लोखंडावर एकच नंबर घालत, म्हणे, म्हणजे एकाची मूठ दुसऱ्याला लागत नाही. "लाकूड इथं सापडलं म्हणजे लोखंड इथंच कुठंतरी आहे," असा अंकलचा हिशेब. ते लोखंड एकदा डोळ्यांनी बघायचं आणि मगच देश सोडायचा. भेटेल त्या ओमानी माणसाला ते विचारायचे. हॉटेलच्या अर्बाबपासून, म्हणजे मालकापासून, टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे प्रेमानं "इन्शाल्ला" म्हणायचे आणि चालू लागायचे.

मग हॉटेलनं सांगितलं, आता व्हिसा वाढणार नाही, खलास. अंकल एकदम बसलेच. नेमक्या त्या दिवसांत हॉटेलातल्या त्यांच्या जुन्या ओमानी सोबत्यानं बातमी आणली, मस्कतजवळ अल अमेरातला आपल्या मामांकडे वडिलांच्या वेळचं तसलंच रिव्हॉल्व्हर आहे, परवान्याचं, मुठीचं लाकूड कधीच गेलेलं. शुक्रवारी नमाजानंतर मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. वाटेत त्यांनी ती मूठ रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती. मी काहीबाही बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

मामा चांगलेच म्हातारे होते. कहवा झाला, हलवा झाला, मग त्यांनी कुलूप उघडून रिव्हॉल्व्हर आणलं आणि आधी चक्र उघडून रिकामं असल्याचं दाखवलं. मुठीच्या जागी काळी इन्सुलेशन टेप! एरवी अंकलनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसती नळी पाहिली, स्क्रू पाहिला. "तोच कारखाना," ते पुटपुटले, "तीच घडण." परवानगी विचारून टेप सोडवली आणि खालच्या लोखंडावरचा नंबर भिंग लावून वाचला. मग पुन्हा वाचला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"नंबर दुसरा आहे, बाय."

कहवा निवून गेला. मामा मोडक्या हिंदीत हळूहळू सांगत होते, वडील ईदला ह्यानंच नेम मारून दाखवायचे, लाकूड मोडलं तेव्हापासून हातात धरवत नाही. अंकल बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि अक्रोडाची मूठ त्या परक्या लोखंडावर बसवली. बसली. मामांनी ती मुठीत धरून पाहिली, डोळे भरून आले त्यांचे.

"सदीक, दोस्त, ये इसी का है?"

"था नहीं," अंकल म्हणाले. "अब है."

गाडीत बसल्यावर मी भडकलेच. "अहो, इतकी वर्षं शोधलंत आणि देऊन मोकळे झालात? तेही जुळवून?"

ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "ती तिकडं हॉस्पिटलात होती ना, तेव्हा रजा मिळाली होती मला. मत्रहचा लोबानवाला म्हणाला, मूठ ज्यानं विकली तो माणूस ह्या आठवड्यात येणार आहे. म्हणून थांबलो." मग म्हणाले, "आला नाही तो. आता मुलीला तूच फोन कर. येतो म्हणून सांग. मला नाही जमायचं."

मी गाडी बाजूला घेतली. मी त्यांचा हात धरून बसले, आणि रडले मीच.

अंकल वसईला गेले. बाकीच्या मुठी त्यांनी ज्याला हव्या त्याला देऊन टाकल्या. मुलगी फार करते त्यांचं, जावईही सोन्यासारखा आहे. परवा मी फोन केला तेव्हा मुद्दाम सांगितलं, अमेरातचे मामा तुमची आठवण काढतात, रिव्हॉल्व्हर सगळ्यांना दाखवतात. मला वाटलं, आता चक्र, नळी, स्क्रू सगळं सुरू होईल आणि माझा अर्धा तास जाईल.

"असं का?" अंकल म्हणाले. मग विचारलं, "तिकडं उकाडा फार आहे का गं?"

आहे म्हटलं. खूप आहे.