पेढे आणायला म्हणून धारवाडला

आमच्या मिरजेच्या मंडळीत प्रभुभोजनाचा रविवार आला, की माझे यजमान सॅम्युएलराव भाकर फिरायच्या वेळी हळूच बाहेर सटकायचे आणि पायऱ्यांवरच्या सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने लावत बसायचे. लोकांना वाटायचं, केवढा नम्र माणूस! पाळकसाहेबांनी तर एकदा उपदेशात त्यांचं उदाहरण दिलं. खरं काय ते मला ठाऊक होतं. धारवाडच्या सख्ख्या थोरल्या बहिणीशी, अक्कांशी, यांनी अबोला धरला होता, आणि तो मनात ठेवून त्या भाकरीला हात लावायचं धाडस होत नव्हतं. वचनं पाठ म्हणण्याची बक्षिसं कपाटभर, आणि प्रभूच्या मेजावर गडी गैरहजर.

कारण ऐकाल तर हसाल. माझे सासरे, अप्पा, शेवटी अक्कांकडे होते. त्यांच्या मातीला अक्कांनी आपल्या मंडळीच्या रीतीने सगळी गीतं कन्नडमध्ये ठेवली. अप्पांना मराठी गीतं प्रिय, म्हणून हे कबरस्तानातून मधेच उठून चालते झाले, ते थेट मिरजेला.

त्यामुळे हुबळीच्या शास्त्राभ्यास शिबिराचं बोलावणं आलं, तेव्हा यांना विचारायच्या आत मी दोघांचा होकार कळवून टाकला. "हुबळीच ना? मग चालेल," म्हणाले. जणू हुबळी आणि धारवाडच्या मध्ये समुद्र आहे.

मिरजेहून जाणार असाल तर सकाळची गाडी धरा आणि खिडकी सोडू नका. लोंढ्यापासून जंगल सुरू होतं, ते अळणावरपर्यंत डोळे निववतं. अळणावरला सॅम्युएलराव खाली उतरून चहा-वडे घेऊन आले, शेजारच्या बाकावरच्यांनाही दिले, गप्पांना ऊत आला. मग धारवाड स्टेशन आलं. यांनी चटकन पवित्र शास्त्र उघडलं आणि तोंडासमोर धरलं. गाडी हलेपर्यंत एक पान उलटलं नाही. मी आपली शेंगा सोलत बसले.

शिबिर उणकलच्या तळ्याजवळ होतं. उतरायची सोय साधी, डास मात्र भरपूर, तेव्हा मच्छरदाणी न्याच. संध्याकाळी तळ्याकाठी गिरमिट मिळतं, म्हणजे चिंचगुळाच्या मसाल्यात कालवलेले चुरमुरे. त्यासोबत मिरची भजी घ्या, दोन रुपये जास्त गेले तरी रडू नका.

शिबिर घेणारे पाळक वयस्कर, बोलणं मोजकं. त्यांची रीत वेगळी होती. सकाळी एक वचन शिकायचं आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत उभं राहून त्याचं काय केलं ते सांगायचं. "कळलं का, हे मी विचारणार नाही," ते म्हणाले. "ऐकून कुणी वाढत नाही. केल्याने वाढतो."

पहिल्या दिवशी धडा होता जिभेला आवर घालण्याचा. सॅम्युएलरावांनी त्यावर इतका वेळ बोलून घेतलं, की बाकीच्यांना तोंड उघडायला मिळालंच नाही. संध्याकाळी पाळकांनी यांच्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशीचा धडा ऐकून मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर आणि मग ये. बाहेर येताच हे मला म्हणाले, वचनात भाऊ म्हटलंय. मी म्हटलं, मग अक्का तुमच्या काका लागतात काय? जेवणात यांनी भाताला हात लावला नाही. हात धुताना भिंतीकडे बघत म्हणाले, "धारवाडला जाऊन येऊ. पेढे घ्यायचेत."

हुबळी-धारवाड बस दर थोड्या वेळाने सुटते, तासाभरात पोचवते. धारवाडच्या अलीकडचं रायापूर आल्यावर यांना अचानक पोटात कळ आली. मी ओवा पुढे केला, तर कळ थांबली. पेढे घेतले. मग रिक्षात बसून यांनी स्वतःच अक्कांचा पत्ता सांगितला, तेव्हा मात्र मीच धास्तावले. अक्कांनी दार लावून घेतलं असतं, तर हा माणूस पुन्हा कधी त्या मेजापाशी गेला नसता.

अक्का दारातच भेटल्या. केस सगळे पांढरे झालेले. "सलाम, अक्का," हे उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"उन्हात का उभारलास? आत ये की."

आत आल्यावरही हे उभेच. "अप्पांच्या मातीतनं मी उठून गेलो. चुकलं माझं, अक्का. माफ कर मला."

अक्कांनी पदराने डोळे पुसले. "मी तरी तुला कुठं विचारलं? एखादं गीत मराठीत घेतलं असतं, तर काय बिघडलं असतं? तुला लागणार, हे ठाऊक होतं मला." मग पेढ्यांचा पुडा हातातून घेत म्हणाल्या, "हात धू. भाकरी टाकते."

पाहुण्याने प्रार्थना करायची, असा आमच्यात रिवाज आहे. यांची प्रार्थना अब्राहामापासून निघते आणि आमटीवर साय धरली की संपते. त्या दिवशी यांनी शेजारी येऊन बसलेल्या अक्कांच्या कानडी यजमानांकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि कन्नडमध्ये दोनच वाक्यं बोलले, तीही अडखळत. अक्कांनी आमेन म्हटलं आणि मला रडू फुटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी यांच्या प्रार्थनेनंतर गरम भाकरी खाल्ली.

संध्याकाळी शिबिराच्या प्रार्थनेत हे उभे राहिले. "जाऊन आलो," म्हणाले आणि बसले. एवढं छोटं भाषण मी यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आता घरी येऊन पंधरवडा झाला. पेढे संपले, डासांचे चट्टे गेले. अक्कांचा फोन येतो आणि त्या थोरलेपणाने विचारतात, आज काय वाचलंस आणि केलंस काय? हे आधी कुरकुरतात, मग उठून काहीतरी करतात. परवा शेजाऱ्यांची कधीची आणून ठेवलेली शिडी परत गेली.

काल प्रभुभोजनाचा रविवार होता. भाकर फिरू लागली तशी मी सवयीने पाय आवरून यांना जायला वाट दिली. हे हलले नाहीत. ताट आलं आणि यांनी भाकर घेतली. बाहेर आलो, तर पायऱ्यांवर चपलांचा हा ढीग! माझी डावी चप्पल कुणीतरी घालून गेलंय. जाऊ दे.