बोहारणीने नाकारलेला सफारी

माझा मोहरी रंगाचा सफारी सूट बोहारणीने सलग अकरा वर्षं नाकारला.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत शिवलेला, अस्सल टेरिकॉटचा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या रखमाबाई येतात. माझी बायको सुनंदा दर वर्षी तो सूट गुपचूप गठ्ठ्यात सरकवते आणि रखमाबाई तो दोन बोटांनी उचलून परत करतात. "बाई, ह्याचं पायपुसणंबी हुईना. पानी टिपत न्हाई!"

त्या शनिवारी सुनंदा भाजीला गेली होती, कन्या मृण्मयी कॉलेजात. दारात रखमाबाई. म्हटलं, आज व्यवहार आपण करू. सफारीच्या जोडीला आणखी काही असावं म्हणून गॅलरीत पाहिलं, तर दोरीवर एक जॅकेट. कोपरं घासून पांढरी, कडा जळक्या, जागोजाग चहाचे डाग. (शेजारी काय म्हणत असतील!) ओढलंच मी ते. रखमाबाईंनी सफारी नेमाने परत केला, जॅकेट मात्र झडप घालून घेतलं आणि स्टीलचं पातेलं दिलं, वर झाकणही! आणि तेसुद्धा घासाघीस न करता. तिथेच मला संशय यायला हवा होता. मी आपला पातेलं टेबलावर मांडून कौतुकाची वाट बघत बसलो.

"बाबा, गॅलरीतलं माझं जॅकेट कुठंय?" मृण्मयीने आल्या आल्या विचारलं.

"ते फाटकं? हे बघ काय मिळालं. झाकणासकट!"

मृण्मयी फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेचा विषय 'आठवणी'. त्यासाठी नवं कोरं कापड आणून, तीन आठवडे पॉलिश पेपरने घासून, चहात बुडवून, उदबत्तीने जाळून तिने ते जॅकेट जुनं केलं होतं! आणि परीक्षा सोमवारी. पोरगी ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसती पातेल्याकडे बघून रडायला लागली, आणि मला स्वतःची लाज वाटली.

पातेलं स्कूटरवर पायाशी ठेवून मी सुटलो. रखमाबाई स्वारगेटला बसची वाट बघत सापडल्या.

"रखमाबाई, हे पातेलं घ्या, ते जॅकेट परत द्या!"

"आत्ताच गेलं की सायेब. कॉलेजातल्या एका पोरीनं नेलं. व्हिंटेज हाय म्हनली."

"व्हिंटेज?"

"म्हंजी फाटकं, पर म्हाग." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमचा सफारी मातुर अजून कुनी इचारला न्हाई."

घरी परतलो तेव्हा मृण्मयी खुर्चीवरच्या सफारीकडे एकटक बघत होती.

"बाबा, हा तू घालायचास. सोमवारी. माझ्या कॉलेजात."

"मी?"

"मी तीन आठवडे जे करत होते, ते तू तीस वर्षं केलंयस."

मला गहिवरूनच आलं. (तो टोमणा होता हे सुनंदाने नंतर समजावून सांगितलं.) सुनंदाने शिवणी उसवल्या, बटणं सरकवली आणि बजावलं, "अहो, स्टेजवर श्वास सोडू नका!"

सोमवारी दालनभर नवे फाटके कपडे घातलेल्या सडपातळ मुली, आणि मध्ये मी. परीक्षक पोनीटेल बांधलेले गृहस्थ होते. त्यांनी माझी कॉलर चुरगाळून पाहिली.

"हा फिकेपणा कसा साधलात?"

"सर, तीस वर्षं संसार करून," मृण्मयी म्हणाली.

"अहाहा! काय ही सर्जनशीलता!" म्हणत त्यांनी माझ्या पोटावर बोटाने टकटक केलं आणि कपाळाला आठी घालून काहीतरी लिहिलं.

मृण्मयी वर्गात दुसरी आली. पहिला नंबर दोन मार्कांनी हुकला. शेऱ्यात लिहिलं होतं, 'कल्पना धाडसी, परंतु पोटाजवळचं पॅडिंग अवास्तव वाटतं.'

त्या अख्ख्या दालनात न घासलेली, न जाळलेली, चहात न बुडवलेली अशी पूर्णपणे नैसर्गिक गोष्ट तेवढी एकच होती!