चेट्टियाराचा चष्मा

आमची वासुकी लहान असताना चष्मा काढला की दारामागं टांगलेल्या छत्रीला ‘या मामा’ म्हणायची. काचा अशा जाड की शाळेतली पोरं तिला सोडाबुड्डी, म्हणजे सोड्याची बाटली, म्हणत. शिकून ती ओरत्तनाडूच्या शाळेत भूगोलाची टीचर झाली, पगार साठवला, मदुरैला जाऊन डोळ्यांना लेझर करून आली. टाका नाही, रक्त नाही. दुसऱ्या सकाळी बाहेर उभी राहून समोरच्या झाडावरचे नारळ मोजत बसली. मी दोनदा कॉफी गरम केली.

मग नवरात्र आलं. आमच्याकडं कोलू असतो, पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या. सगळ्यांत खाली तांदूळ-डाळीची वाटकी पुढ्यात घेऊन बसलेला दुकानदार चेट्टियार, कागदाच्या लगद्याचा, पोट सुटलेला. वासुकीनं तिचा चष्मा त्याच्या डोळ्यांवर ठेवून मागं दोऱ्यानं बांधला. “आता हिशेब नीट कर म्हणावं,” म्हणाली. तेव्हापासून तो चष्मा त्याचाच.

पुढं श्रीकरचं स्थळ आलं. माणसं कोइमतूरची, आमच्या गल्लीतलं काही ठाऊक नसलेली. वासुकी मला म्हणाली, “आई, चष्म्याचं बोलू नकोस. आजवर लोकांनी आधी चष्मा बघितला, मग मला. ह्यांनी मलाच बघितलंय. तसंच राहू दे.”

राहू दिलं. जावई दर नवरात्रात यायचे, चेट्टियाराला बघून हसायचे. चष्मा आजोबांचा, असं वासुकीनं सांगितलेलं. गल्लीत सगळ्यांना खरं ठाऊक, पण कुणी ओठ हलवला नाही. एरवी आमच्या गल्लीला हे जमत नाही.

आता वासुकी पन्नाशी ओलांडून गेली आणि डोळ्यांत मोतीबिंदू आला. स्कूटर बंद झाली. अंगणात रांगोळीचे ठिपके ओळीत पडेनात. फळ्यावर कावेरी काढली तर ती समुद्राला न मिळता भलतीकडंच गेली, आणि पोरं हसली. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही.

डॉक्टर कामाक्षी तरुण बाई, गोड बोलणारी. आम्ही तिघं गेलो. तिनं विचारलं, “डोळ्यांचं आधी काही झालंय का? ऑपरेशन, लेझर?”

“नाही,” वासुकी म्हणाली. शेजारी श्रीकर बसलेले.

मग वासुकीची हनुवटी यंत्रावर टेकवून घेतली. डॉक्टरनं कागद बघितला, परत मोजलं, आणि खुर्ची पुढं ओढून बसली.

“बुबुळ मधोमध चपटं आहे, अक्का. असं आपोआप होत नाही. लेझर झालेला डोळा यंत्राला फसवतो. आत बसवायच्या भिंगाचा नंबर मग चुकतो. ऑपरेशन छान होईल, आणि तुम्हाला परत जाड चष्मा लागेल.”

वासुकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. श्रीकरकडं न बघता म्हणाली, “झालंय. लग्नाच्या आधी.”

“तेव्हाचे कागद आहेत?”

“नाहीत.”

“जुना चष्मा तरी? त्याचा नंबर मिळाला तर माझा हिशेब पडताळून बघता येईल.”

तेवढ्यात श्रीकर खाकरून म्हणाले, “चष्मा चेट्टियाराकडं आहे.”

“कोण चेट्टियार? दुकान कुठं आहे त्यांचं?” डॉक्टरनं विचारलं.

“ह्यांच्या माळ्यावर,” जावई म्हणाले.

ऑटोनं घरी निघालो. मोठ्या देवळापाशी वळताना वासुकीनं विचारलं, “तुम्हाला कधीपासून ठाऊक?”

“पहिल्या नवरात्रापासून. गंमत म्हणून तो चष्मा घालून बघितला. आई समोर बसल्या होत्या, त्या चिंचोक्याएवढ्या दिसल्या. म्हाताऱ्यांच्या चष्म्यातून सगळं मोठं दिसतं ग.”

“मग बोलला नाहीत?”

“तू बोलली नाहीस. आणि तू अजून नाकावरचा चष्मा वर सारतेस, नसलेला. मला ते बघायला आवडतं. बोललो असतो तर थांबली असतीस.”

मी रस्त्याकडं बघत बसले. अशा वेळी सासूनं दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. मला वाचता येत नाही, तरी वाचल्या.

आमच्याकडं नवरात्र संपलं की बाहुल्या पेटीत झोपवतात, आणि वर्ष व्हायच्या आत उठवत नाहीत. मी पेटीपुढं सुपारी ठेवून चेट्टियाराला म्हटलं, बाबा, पोरीच्या डोळ्यांचं काम आहे, एकट्या तूच ऊठ. श्रीकरनं दोऱ्याची गाठ सोडवली. चष्म्याच्या आड त्याचं नाक उंदरानं कुरतडलेलं निघालं.

डॉक्टरनं चष्मा यंत्रात घालून नंबर काढला, तिच्या आकड्यांशी लावून बघितला. “आता बरंच जुळतंय. तरी शंभर टक्के बोलणार नाही,” म्हणाली. मला ते बोलणं आवडलं.

आधी उजवा डोळा केला. मी दहीभाताचा डबा घेऊन बाहेर बसले, आणि जावई एकाच खांबाला फेऱ्या घालत राहिले; खांबात देव असता तर पावला असता. दुसऱ्या सकाळी पट्टी काढली. वासुकी आधी लांबच्या भिंतीकडं बघत राहिली, मग श्रीकरकडं वळली. बराच वेळ बघत होती. माझ्या हातातला डबा मी दुसऱ्या हातात घेतला.

“तुमच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात आहे,” ती म्हणाली.

“कालपासून आहे,” ते म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

दुसरा डोळाही झाला. वाचायला बारीक चष्मा लागतो, पण स्कूटर परत ओरत्तनाडूला जाते, आणि कावेरी समुद्राला मिळते.

यंदा कोलूत श्रीकरनं स्वतः चेट्टियाराला चष्मा बांधला. उघडं नाक बघवेना म्हणाले. शेजारची सौम्या कोइमतूरहून आलेल्या तिच्या जावेला कोलू दाखवायला घेऊन आली. जावेनं विचारलं, “हा एवढा जाड चष्मा कुणाचा?” सौम्या सवयीनं आजोबांचा म्हणणार, एवढ्यात श्रीकर म्हणाले, “आमच्या हिचा.”

वासुकी प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल वाढत होती. तिनं बोट नाकाकडं नेलं, नसलेला चष्मा वर सारला, आणि त्यांच्या द्रोणात आणखी एक डाव घातला.