कडब्याची गंजी आरवली

खंडोबाची आण घेऊन सांगतो, यात एक अक्षर खोटं नाही. म्हणजे एखाददुसरं असेल. किस्सा म्हटला की त्याला थोडं मीठ लागतंच, अळणी कोण खातो? पण माझ्या शपथेवर संशय घेऊ नका. मी अणदूरचा. खंडोबाच्या दारात राहून खोटं बोलायचं म्हणजे धाडस पाहिजे.

ते माझ्यात आहे.

तर अशी फजिती झाली, अशी झाली, की अजून गल्लीत कुणी माझ्याकडं बघून नुसता घसा खाकरला तरी माझे कान लाल होतात!

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या घरी कोंबड्या होत्या. म्हणजे रखमाच्या होत्या. रखमा ही आमची कारभारीण. मी एकदा 'आपल्या कोंबड्या' म्हणालो, तर तिनं लगेच विचारलं होतं, "तुमी कवा दाणा टाकला वो?" तेव्हापासून रखमाच्याच.

आणि खरंच तिच्याच. माहेराहून, तामलवाडीहून, ती एक खुडूक कोंबडी घेऊन आली आणि तिच्यापासून अख्खा कबिला उभा केला. नुसती चाल बघून सांगायची, ही उद्या अंडं घालणार, हिच्या पोटात बिघाड आहे, ही रुसलीय. मी सकाळी रुसलेलो तिला संध्याकाळपर्यंत कळायचं नाही, पण कोंबडीचं बरोबर कळायचं!

त्यात एक कोंबडा होता, सुभेदार. त्याचा तुरा बघून पाटलानं आपला फेटा उतरवावा. चालायचा तर अंगणाचा सातबारा त्याच्याच नावावर असल्यासारखा.

आता एवढं वैभव म्हटल्यावर चोर आलेच. आमचे दोन होते, मुंगूस आणि रानमांजर. म्हणून खुराडं हवं. ते कसं असावं यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा लेकीच्या लग्नातसुद्धा होत नाही.

पहिलं केलं ते सोपं. मोठं डालगं पालथं घातलं, वर धोंडा ठेवला. रानमांजरानं डालगं धोंड्यासकट लोटलं. (धोंडा केवढा होता म्हणून विचारू नका. दर वेळी सांगताना तो वाढतो.) दुसरं ओट्याखाली बांधलं, दगडमातीचं, हत्तीनं धडक दिली तरी हलणार नाही असं. हललं नाही. पण उन्हाळा लागला आणि आत भट्टी पेटली. कोंबड्या चोची वासून बाहेर, आत जायचं नाव नाही. तिसरं म्हणजे लिंबाच्या झाडावर मचाण. त्यावर कोंबड्या चढल्याच नाहीत. मी चढलो होतो. मला उतरवायला शेजारच्या शिवअप्पाला शिडी घेऊन यावं लागलं.

मग मी डोकं लढवलं.

बाभळीचे चार खांब रोवले, कमरेएवढे उंच. खांबांना काटेरी फांद्यांची फास गुंडाळली, म्हणजे मुंगसानं चढून दाखवावं! वर तुराट्यांचा कूड, शेणमातीनं लिंपलेला. पण छपराखाली चार बोटं मोकळा सोडलेला, वारा खेळायला. तळाला काठ्या बोटबोट अंतर ठेवून बांधल्या, घाण आपोआप खाली राखेत पडावी म्हणून. झाडलोट नको, वास नको, आणि परसातल्या वांग्यांना खत फुकट. आत बसायला आडवा दांडा. दार वरून खाली सरकणारं. अंड्यांसाठी कोपऱ्यात भुशाचं गाडगं, आणि त्याच्या मागं कुडाला हात जाईल एवढं भोक. कोंबड्यांना न उठवता अंडी बाहेरच्या बाहेर हातात!

काय देखणी वस्तू झाली होती, सांगतो तुम्हाला! मी बाजाराच्या दिवशी नळदुर्गात जाऊन भेटेल त्याला सांगत सुटलो, "मुंगूस येतं, चारी बाजूंनी हिंडतं, सलाम ठोकतं नि जातं."

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

चार दिवसांनी चावडीवर निरोप आला. तहसीलदारसाहेब दौऱ्यावर येणार, आणि अणदुरात नारबाच्या घरी जाणार. नारबा म्हणजे मी!

दौरा म्हणजे काय हे तेव्हाच्या माणसाला सांगावं लागत नसे. साहेबाचा तंबू पडला की गावातल्या कोंबड्या आटायच्या. मागल्या दौऱ्यात चपराशी रखमाच्या दोन तलंगा, ऐन अंड्यावर आलेल्या, पायाला धरून घेऊन गेला होता. ती त्या दिवशी जेवली नव्हती.

या वेळी ती उपाशी बसली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एक पीस जरी कमी झालं, तर म्या कबिला घेऊन चालले तामलवाडीला. तुमी बसा भाकरी थापत."

माझी भाकरी तुम्ही पाहिलेली नाही. कुत्र्यानं एकदा पाहिली, परत आला नाही.

मी शिवअप्पाकडं धावलो. शिवअप्पा लिंगायत, किराणा दुकानदार, आणि अंड्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवणारा.

"ब्याड, नारबा, ब्याड!" तो कपाळावर हात मारून कानडीत 'नको नको' करायला लागला. "बाजारात बढाई मारू नको म्हणलं होतं का न्हाय? सायबाच्या तोंडाला पाणी सुटलं बघ."

"अप्पा, तुमच्या माजघरात ठेवू का दोन दिस? लिंगायताच्या घरी कोंबडी कोण हुडकतंय?"

"कोंबडी आत आली, तर माझी बायको मलाच भाईर ठेवील!"

मग उरला एकच उपाय. सगळा कबिला खुराड्यात कोंबला आणि कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून वरपर्यंत रचल्या. खुराडं गडप! अंगणात साधीसुधी कडब्याची गंजी. मी स्वतः मागं सरून बघितलं आणि घटकाभर मलाच वाटलं, कोंबड्या गेल्या कुठं?

रखमानं एक पेंढी हळूच सरकवून वाऱ्याला फट ठेवली. "अवो, पण ह्यो गप बसल का?"

"अंधारात कोंबडा झोपतो."

"झोपतो की. उठतो बी."

तेवढ्यात साहेब आलाच. उंच, सडपातळ, काळी शेरवानी, रूमी टोपी. मागं चपराशी, तोच, तलंगावाला.

"नारबा कौन है?"

"म्या हुजूर." वाकून वाकून माझा फेटा जमिनीला लागला.

"तुम्हारी मुर्गियों की बड़ी तारीफ सुनी है. कहाँ हैं?"

"मुर्ग्या? न्हाय हुजूर. आमच्या घरात कोंबडं नाव न्हाय. आमी माळकरी." गळ्यात माळ नव्हती, म्हणून मी उपरणं हनुवटीपर्यंत ओढलं.

चपराशानं खाली वाकून एक पीस उचललं. "और ये?"

"कावळा आला असंल."

"लाल कौवा?"

साहेब गालात हसला. आणि त्याच क्षणी, त्या फटीतून उन्हाचा कवडसा आत गेला असावा, गंजीतून सुभेदारानं खणखणीत बांग दिली.

शिवअप्पानं भिंतीपलीकडून डोकावलेलं डोकं खाली घेतलं.

साहेबानं गंजीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "ये आवाज़?"

आता माणसानं काय म्हणावं? माझ्या तोंडातून निघून गेलं, "म्याच हुजूर. ल्हानपनापास्नं खोड हाय."

"अच्छा? ज़रा फिर से."

मी डोळे मिटले, मान वर केली आणि जीव तोडून आरवलो. गंमत सांगू? झकास जमलं! एवढं झकास, की सुभेदाराला वाटलं, आपल्या अंगणात दुसरा कोंबडा शिरला. त्यानं आतून डबल आवाजात जाब विचारला. साहेब बघतोय म्हटल्यावर मलाही पुन्हा आरवणं भाग. तो चिडला, मी चढलो. तो आतून पंख आपटतोय, पेंढ्या थरथरतायत, मी उपरणं फडफडवून घसा फोडतोय. दोघांत कोण मागं हटतंय!

या दंग्यात एका कोंबडीनं अंडं घातलं. आणि अंडं घातल्यावर कोंबडी गप बसते होय? "कॉक कॉक कॉक कडॉक!" सगळ्या गावाला वर्दी.

साहेबानं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि शांतपणे विचारलं, "बांग तो तुमने दी, नारबा. अंडा भी तुम ही ने दिया?"

चपराशी खाली बसला हसत. शिवअप्पा भिंतीपलीकडं पडल्याचा आवाज आला. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. जरा सावरल्यावर तो म्हणाला, त्याला कोंबडी खायचीच नव्हती. हकिमानं खिचडीशिवाय सगळं बंद केलेलं. त्याच्या बेगमसाहेबांनी हौसेनं कोंबड्या पाळल्या होत्या आणि मुंगूस रोज एक उचलत होतं. माझी बाजारातली बढाई त्याच्या कानावर गेली. बिचारा खुराडं बघायला आला होता!

रखमानं हे ऐकलं, पदर खोचला आणि दोन हिसक्यांत गंजी उधळली. साहेब शेरवानीसकट गुडघ्यावर बसला. फास बघितली, काठ्यांतलं अंतर बोटानं मोजलं, भोकात हात घालून ताजं अंडं बाहेर काढलं, आणि लहान पोरासारखा हरखला. "वाह! क्या दिमाग़ है! किसने बनाया?"

रखमानं माझ्याकडं बोट केलं.

ते अंडं साहेबानं परत गाडग्यात ठेवलं आणि चपराशाला बजावून गेला, इस घर की एक भी मुर्गी को हाथ नहीं लगाना. एक पीस कमी झालं नाही. तामलवाडी टळली.

आता शपथेचं बघू. गंजी आरवली, खरं. मी आरवलो, तेही खरं, शिवअप्पा जिवंत आहे, विचारा. डालगं, भट्टी आणि मचाण तर शंभर टक्के माझंच. खोटं आहे ते 'मग मी डोकं लढवलं' एवढंच. आणि रखमानं माझ्याकडं बोट केलं, ते मात्र खरं. फक्त बोट करताना काय म्हणाली ते मघाशी गाळलं.

"खुराडं म्या बांधलं, हुजूर. ह्यांनी नुसती बांग दिली."