आधीचं सगळं ठेवून

बोईसरच्या माझ्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात सुलभाताई पहिल्यांदा आल्या, त्या काही दुरुस्त करून घ्यायला नव्हे. "मी पालघरला गणित शिकवायचे," म्हणाल्या. "आता संगणकात नवी सिस्टिम बसवताना पडद्यावर जे पर्याय येतात, त्यांना मराठी नावं देते. तुमच्या गिऱ्हाइकांना ती कळतात का, बघायचंय." मी आपला ठोकून-ठाकून शिकलेला माणूस. स्टूल पुसून पुढे केलं. ते मग त्यांचंच झालं.

एकदा तारापूरकडच्या जनीवहिनी मासळी विकून थेट दुकानात आल्या. संगणक रडतखडत चालत होता, म्हणून नवी सिस्टिम बसवायची ठरली. त्यांचे यजमान वारलेले. त्यांचे बोटीवरचे फोटो आणि त्यांनी गायलेली गाणी या संगणकातच होती. पर्याय गिऱ्हाइकानंच निवडायचा, हा ताईंचा आग्रह. पडद्यावर 'सोपी पद्धत' आणि 'प्रगत पद्धत' ही ताईंनीच दिलेली नावं आली. वहिनींचं बोट 'सोपी'कडे निघालं.

"थांबा," ताई म्हणाल्या. "हेच का?"

"मंग? आमी कुठं प्रगत, बाई? आमाला सोपंच बरं."

"दाबल्यावर काय होईल?"

"लवकर होईल, अजून काय! टोपलीत बोंबील हायत माझे."

"आणि फोटो?"

"ते हायत ना आत. कुठं जातील?"

'सोपी' म्हणजे सगळं पुसून नवं. फोटो राखायची सोय 'प्रगत'मागे दडलेली. हे कळताच वहिनींनी चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. ताईंनी त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, "चूक माझी. माणूस सोपा की प्रगत, हेच मी तोलत बसले. काय होणार, ते लिहिलंच नाही."

मग कित्येक दिवस ताई त्या स्टुलावर. "कळलं का?" असं कधीच विचारत नसत, कारण भिडेपोटी माणूस हो म्हणतो. विचारायच्या एकच: "दाबल्यावर काय होईल?"

मी चिडवलं, "ताई, दोन बटणांचं बारसं किती दिवस चालायचं?"

"बारशाला तुम्ही आहात, भाऊ. पुढे त्या बटणासमोर माणूस एकटाच असतो."

शेवटी ठरलं: 'आधीचं सगळं ठेवून नवं बसवा' आणि 'आधीचं सगळं पुसून नवं बसवा, फोटो परत मिळणार नाहीत'. त्या दिवशी थांबवलेलं काम करायला वहिनींना बोलावलं. त्यांनी न विचारता पहिलं बटण दाबलं. काम संपल्यावर दुकानात यजमानांचा आवाज घुमला. वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "अजून बेसूरच गातात मेले!"

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या या गौरव अंकासाठी वहिनींना दोन शब्द मागितले. म्हणाल्या, "बाईंना सांगा, पयलं बटन दाबा."

मीही तेच म्हणतो, ताई. गुडघे कुरकुरणं थांबवोत, डोळे शाबूत राहोत आणि आधीचं सगळं ठेवून पुढची पुष्कळ वर्षं सुखानं सुरू होवोत. स्टूल पुसून ठेवलंय.