स्ट्राँगली सॉरी

“पुन्हा बोल. ह्यांना नीट ऐकू आलं नाही.”

नाश्त्याची वेळ. रिसॉर्टच्या जेवणघरात मी चादरींचा गठ्ठा घेऊन उभी. समोरच्या टेबलावर मुंबईचं एक कुटुंब. त्यांच्या खोलीत गरम पाणी आलं नव्हतं. गिझर मी बिघडवला नव्हता, पण मी समोर होते, म्हणून माफी मी मागायची. ट्रेनिंग द्यायला आलेल्या मॅडमनी आमच्याकडून इंग्रजी घोकून घेतलं होतं. त्यातलं तोंडाला आलं ते बोलले. “आय ॲम स्ट्राँगली सॉरी, मॅडम.”

टेबलावरची बाई खो खो हसली. डीपली सॉरी म्हणतात, स्ट्राँगली नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. तिने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. आणि आमचा मॅनेजर, जो मला वाचवायला आला असं मला वाटलं, तोच म्हणाला, पुन्हा बोल.

मी बोलले. हसत हसत बोलले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

त्याच टेबलावर तिच्या नवऱ्याला मालवणी बोलायची हौस आली. वाढप्याला म्हणाला, “तू माका सोलकढी आसा!” म्हणजे, तू मला सोलकढी आहेस. आम्ही कुणी मोबाइल काढला नाही. मॅनेजरने तर टाळ्या वाजवल्या. वा साहेब, पक्के मालवणी झालात. त्याचं चुकलं तर कौतुक, आणि माझं चुकलं तर तमाशा. हा कुठला न्याय?

त्या दिवसापासून माझं नाव स्ट्राँगली पडलं. वॉकीटॉकीवर सगळ्यांना ऐकू जायचं, “स्ट्राँगलीला वरच्या खोलीत पाठवा.” मी मालवणच्या कॉलेजात बी.ए. केलेलं. रिसेप्शनची जागा रिकामी झाली की तुलाच, असं कबूल करून ह्याच माणसाने मला चादरी बदलायला घेतलं होतं. जागा रिकामी झाली. विचारायला गेले तर म्हणाला, “आधी इंग्लिश सुधार.”

घरी आईला, माझ्या आवशीला, सांगितलं. ती म्हणाली, “गप रव गो. आसा ती नोकरी सांभाळ.” मला तिचाही राग आला.

मग सुधारलं इंग्लिश. दुपारी चादरी वाळत घातल्या की सुरूच्या झाडाखाली बसायचं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. कुठल्या शब्दाला कुठला शब्द लागतो, ते शिकवणारे. आपल्यातही ते असतंच. आपल्याला राग येतो, राग वाटत नाही. तसं त्यांच्यात बिटरली डिसअपॉइंटेड. डीपली हर्ट. आणि मग एकदा आलं, स्ट्राँगली ऑब्जेक्ट. सक्त हरकत घेणे.

मी व्हिडिओ थांबवला. म्हणजे स्ट्राँगली हा शब्द होता. खराखुरा. मी तो फक्त सॉरीला जोडला होता. ट्रेनिंगच्या मॅडमनी काय काय घोकून घेतलं ते आठवून बघितलं. डीपली सॉरी. ट्रूली ग्रेटफुल. ॲब्सोल्यूटली डिलाइटेड. हरकत घ्यायचं एक वाक्य नाही. वाकायचं तेवढं सगळं शिकवलं होतं. माझं डोकं तापलं.

थोड्याच दिवसांत मालक आले, पाहुणे घेऊन. मॅनेजरने मला जेवणघरात बोलावलं. कानाशी येऊन म्हणाला, “ते तुझं बोलून दाखव. साहेब खूश झाले की रिसेप्शनचं आजच बोलून टाकतो.” मग मोठ्याने, “सर, ही आमची स्ट्राँगली.”

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलले की खुर्ची माझी. मला ती हवी होती. देवाशपथ हवी होती.

“आय स्ट्राँगली ऑब्जेक्ट,” मी म्हटलं.

एक पाहुणा सवयीने हसला आणि मध्येच थांबला. मॅनेजरचा चेहरा उतरला. “कशाला ऑब्जेक्ट?” त्याने विचारलं.

पुढचं इंग्रजी मला येईना. मग घरातलंच तोंडाला आलं. “माका नाव आसा. त्या नावान हाक मारा. हसाक होयां तर दुसऱ्या कोणाक बोलवा. मी तां परत बोलूचंय नाय.”

मालक आमच्याच तालुक्यातले. त्यांना शब्दन् शब्द कळला. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

रिसेप्शनवर आता दुसरी मुलगी आहे. तिच्याशी माझं भांडण नाही. मी चादरी बदलते. वॉकीटॉकीवर मला माझ्या नावाने बोलावतात. मॅनेजर नाव घेताना तोंड वाकडं करतो, करू दे. आवस म्हणते, “काय मिळाला तुका?”

पण नोकरी सोडणार नाही. ती खुर्ची पुन्हा मागणार आहे. चूक माझी असेल तिथे सॉरी म्हणेन, गिझरसाठी म्हणणार नाही. आणि दुपारी सुरूखाली बसून मी एकाच प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत तयार करतेय. कशाला ऑब्जेक्ट? पुन्हा कुणी विचारू दे. ह्या वेळी अडकणार नाही.